वाचकांचे प्रश्न : मठ, पवित्र पर्वत आणि ओसाड वस्त्या

प्रश्न : ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरच्या मठांत आम्हा दोन जोडप्यांना तीन रात्री राहायचं आहे. तयारी कशी करावी?

अ‍ॅथॉसवर स्त्रियांना प्रवेश नाही. नियम मध्ययुगापासूनचा आहे आणि तो मोडल्यास ग्रीक कायद्यानुसार शिक्षा होते, तेव्हा ‘काहीतरी जमवू’ हा विचार सोडा. दोघींना अ‍ॅथॉसच्या सीमेजवळच्या उरानुपोली या बंदरगावाहून सुटणाऱ्या फेरीबोटीतून मठ बाहेरून पाहता येतील. बोट किनाऱ्यापासून सुमारे ५०० मीटर लांबूनच जाते, म्हणून दुर्बीण न्या. आमच्या मते त्यांनी ग्रीसमधलंच मेटेओरा गाठावं हे उत्तम. तिथे कड्यांवरचे सहा मठ चालू आहेत आणि सगळीकडे स्त्रियांना जाता येतं. स्कर्ट मात्र लांब हवा. प्रत्येक मठाचा सुट्टीचा वार वेगळा, आणि तो हंगामानुसार बदलतो.

आता तुम्हा दोघांचं. थेस्सालोनिकीतल्या यात्रेकरू कार्यालयाकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. दिवसाला १०० ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि इतर फक्त १० जण, असा कोटा आहे. उन्हाळ्यातल्या तारखांसाठी काही महिने आधीच हात-पाय हलवा. परवाना हातात आला की राहायची सोय झाली असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. परवाना म्हणजे नुसता प्रवेश. राहण्यासाठी प्रत्येक मठाला स्वतंत्रपणे कळवून होकार मिळवायचा. एका मठात सहसा एकच रात्र मिळते, म्हणून एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे तीन मठ निवडा.

कळवताना तारखेचं बघा. अ‍ॅथॉसवर ज्युलियन पंचांग चालतं, ते आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. पत्रात दोन्ही तारखा लिहिल्या की प्रश्नच मिटला. घड्याळाचंही तसंच : बऱ्याच मठांत तास सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे ‘जेवण किती वाजता’ असं विचारण्यापेक्षा ‘आतापासून किती वेळाने’ असं विचारा. सूर्यास्ताला दरवाजा बंद होतो. उशीर झाला तर तो उघडेल या भरवशावर राहू नका.

आदल्या रात्री उरानुपोलीतच मुक्काम करा. थेस्सालोनिकीहून पहाटेची बस धरून सकाळची बोट गाठायचा बेत एका उशिरात कोलमडतो. मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही. बोट अ‍ॅथॉसवरच्या दाफ्नी बंदरात सोडते, तिथून अ‍ॅथॉसचं मुख्य गाव कारिएसची बस मिळते. जेवण मुकाट्याने आणि झटपट होतं. एक भिक्षू धर्मग्रंथ वाचत असतो आणि मठाधिपतींनी घंटी वाजवली की ताटात काही उरलेलं असलं तरी उठायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार उपासाचे, बिनतेलाचे. लांब पँट घाला. व्हिडिओ काढायला मनाई आहे.

प्रश्न : फुजी पर्वत रात्रभर चढून पहाटे शिखरावर पोचता येईल का?

विश्रांती न घेता? नको. योशिदा या चढाईच्या वाटेची सुरुवातच सुमारे २,३०० मीटरवर होते आणि शिखर ३,७७६ मीटरवर आहे. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकेदुखी, उलट्या होतात त्या यामुळे. शिवाय २०२५ पासून या वाटेवरचं फाटक दुपारी २ ते पहाटे ३ बंद असतं. तेव्हा वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीत आरक्षण असलेल्यांनाच वर सोडतात. माणशी शुल्क ४,००० येन. झोपडीत काही तास झोपून मग निघा. शौचालयासाठी १०० येनची नाणी खिशात ठेवा.

उतरताना एक फसवी जागा आहे. आठव्या टप्प्याजवळ योशिदा आणि सुबाशिरी या उतरणी वेगळ्या होतात. थकलेली माणसं मान खाली घालून पुढच्याच्या मागे चालतात आणि भलत्याच पायथ्याला उतरतात. पाटीवरचा रंग बघा : योशिदा पिवळी, सुबाशिरी लाल.

प्रश्न : नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावर स्वतंत्रपणे जाता येतं का?

नाही, परवानाधारक बोटींच्या सहलीनेच. १९७४ मध्ये कोळशाची खाण बंद झाली आणि बेट रिकामं झालं. २००९ पासून पर्यटकांना उतरू देतात, तेही ठरावीक कठड्याच्या वाटेवरच, कारण इमारती ढासळत आहेत. समुद्र खवळला तर बोट बेटाला वळसा घालून परत फिरते. म्हणून नागासाकीत पहिल्याच दिवशीचं तिकीट काढा, म्हणजे हुकलं तर दुसरी संधी उरते. बेटावर शौचालय नाही. उंच टाचांची चप्पल घालून आलात तर अडवतील.

प्रश्न : नामिबियातल्या कोलमन्सकोपची वाळूने भरलेली घरं फोटोसाठी कधी पाहावीत?

सकाळीच. साधा परवाना दुपारी १ पर्यंतचा असतो. त्याआधीचा किंवा नंतरचा उजेड हवा असेल तर सूर्योदय ते सूर्यास्ताचा छायाचित्रणाचा परवाना आधीच घ्या. दुपारी वारा सुटतो, वाळू लेन्सच्या सांध्यांत शिरते. घराच्या आत लेन्स बदलू नका. घरांतली लाकडी जमीन कुजकी असू शकते, तेव्हा जिथे फळ्या उघड्या दिसतात तिथे पाय टाकू नये.