बॅटरी नवी, तरी भरलेला हौदा उचलत का नाही?

या वेळी इलेक्ट्रिक टिपिंग ट्रेलरवर (बटण दाबून हौदा उचलून माल ओतणारा) आलेले चार प्रश्न घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांचं मूळही बरंचसं तिथेच आहे.

प्रश्न: माझा दोन टनाचा ट्रेलर आहे, १२ व्होल्टचा हायड्रॉलिक पॉवर पॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी एकत्र). रिकामा हौदा झकास वर जातो, पण खडी भरली की जेमतेम वीतभर उचलतो आणि थांबतो, शिवाय पॅकच्या डब्यातून खटखट खटखट आवाज येतो. बॅटरी १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठा) आहे, दोनच महिने झालेत. दुकानदार म्हणतो १५० ची टाका. टाकू का?

उत्तर: थांबा, आधी मीटर लावा. एक हिशोब बघा. असा पॅक भरलेल्या लोडला साधारण १५० अँपिअर खेचतो, आणि हौदा पूर्ण वर जायला समजा ४० सेकंद लागले, तर एका खेपेला खर्च होतात जेमतेम पावणेदोन एएच. म्हणजे वीस खेपा केल्या तरी ३५ च्या आत! बॅटरी संपत नाहीये हो, तुमचा प्रॉब्लेम साठ्याचा नाहीच, १५० अँपिअर एका दमात मोटरपर्यंत पोचवायचा आहे. गाडीचा सेल्फ मारताना जेवढा करंट लागतो तसलाच हा प्रकार, फक्त सेल्फ दोन सेकंद आणि हा अर्धा-पाऊण मिनिट.

आता वायर बघा. बॅटरी पुढे आणि पॅक ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं झालं. ती केबल १० स्क्वेअर एमएमची असेल तर १५० अँपिअरला अडीच व्होल्टच्या वर वायरच खाते, ३५ ची टाकली तर पाऊण व्होल्ट, ५० ची टाकली तर अर्धा. बॅटरी लोडखाली ११.५ वर आली आणि त्यातले अडीच वाटेत गेले की मोटरला उरतात नऊच. मोटर हळू फिरते, करंट मात्र फारसा कमी होत नाही कारण वजन तेवढंच आहे, म्हणून वेळ वाढतो आणि मोटर तापते. काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) कॉइलला धरून ठेवायला व्होल्टेज पुरत नाही म्हणून तो सुटतो, सुटला की व्होल्टेज परत चढतं, तो परत चिकटतो, तीच तुमची खटखट. असंच चालू ठेवलंत तर एक दिवस त्याचे पॉइंट चिकटून बसतील आणि बटण सोडलं तरी मोटर थांबणार नाही. आणि वीतभरच का उचलतो, तर सगळ्यात जास्त जोर सुरुवातीलाच लागतो, पूर्ण वजन हौद्यात असतं आणि जॅकचा कोनही तेव्हाच वाईट असतो.

तर भरलेला हौदा उचलताना दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगा, आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, मग मोटरच्या टर्मिनलवर. बॅटरीवरच १०.५ च्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज नाही किंवा खराब आहे. बॅटरीवर ठीक आणि मोटरवर कमी, तर दोष वायरीत किंवा जोडात. निगेटिव्ह बाजू विसरू नका, बरेच जण पॉझिटिव्हला जाड केबल घालतात आणि अर्थ चेसीला कुठंतरी रंगावरच बोल्ट मारून देतात. माझ्या स्वतःच्या ट्रेलरला आठवडाभर असंच शोधत होतो, शेवटी सापडला एक गंजून हिरवा पडलेला लग (केबलच्या टोकाची तांब्याची कडी). जमलं तर बॅटरी सरळ पॅकशेजारीच बसवा, अर्धा मीटर केबलमध्ये काम होतं. आणि पॉझिटिव्हला बॅटरीजवळ जाड फ्यूज हवाच हवा, एवढ्या करंटची केबल घासून चेसीला लागली तर आग लागते.

प्रश्न: पुढच्या गाडीच्या सॉकेटवरून चार्ज करू की सोलर लावू? आणि चार्जर लावून त्याच्यावरच पंप चालवला तर?

उत्तर: शेवटचं आधी सांगतो, नाही चालणार. १० अँपिअरचा चार्जर १५० कुठून देणार, पंप बॅटरीवरच चालतो, चार्जर फक्त भरपाई करतो. पण भरपाईला १० अँपिअर पुरतात, दहा मिनिटांच्या प्रवासात साधारण एक खेप भरून निघते. सॉकेटची बारीक वायर लांब असते म्हणून ट्रेलरवर डीसी-डीसी चार्जर (कमी पडलेलं व्होल्टेज वाढवून बॅटरीला देणारा) बसवा, नाहीतर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. मधे आयसोलेटर (गाडीची आणि ट्रेलरची बॅटरी वेगळी ठेवणारा स्विच) नसेल तर टिपिंग करताना करंट त्या बारीक वायरीतून खेचला जातो, ते टाळा. ट्रेलर बराच वेळ उभाच राहत असेल तर सोलर बरा, ५० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सात-आठ खेपांचं भरून देतं, आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट उतरलेली पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं ते पण टळतं. लिथियम घेणार असाल तर एएच बघून भुलू नका, आतल्या बीएमएसची (बॅटरी सांभाळणारं सर्किट) करंटची मर्यादा बघा, १०० अँपिअरवाली असेल तर भरल्या लोडला ती सरळ बंद पडेल.

प्रश्न: ओली वाळू भरली की उचलत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह थोडा पिळला तर?

उत्तर: अजिबात नको. दाब मर्यादेबाहेर गेला की तेल परत टाकीत सोडणारा तो व्हॉल्व्ह होज, जॅक आणि चेसी वाचवायलाच आहे. ओली वाळू घनमीटरला दोन टनापर्यंत जाते, म्हणजे हौदा दीड घनमीटरचा असेल आणि तो काठोकाठ भरलात तर तीन टन झाले! वजन आकाराने मोजू नका. माल पुढच्या बाजूला जास्त पडला असेल तरी जॅकवर ताण येतो. फाळका आधी उघडा, मग उचला. जमीन सपाट हवी, ओली माती एका बाजूला चिकटून राहिली की उंच गेलेला हौदा बाजूला पलटी होतो. वर तारा आहेत का तेही बघा. आणि हौदा टोकाला पोचला की बटण सोडा, दाबून धरलं तर तेल रिलीफमधून फिरून तापतं आणि करंट सगळ्यात जास्त तेव्हाच जातो.

प्रश्न: हौदा वर असताना बॅटरी उतरली तर खाली कसा आणायचा?

उत्तर: सिंगल ॲक्टिंग जॅक (तेलाच्या जोरावर फक्त वर ढकलणारा) हौद्याच्या वजनानेच खाली येतो, फक्त व्हॉल्व्ह उघडायला हवा. बऱ्याच पॅकवर हाताने उघडायचा स्क्रू किंवा नॉब असतो, तो कुठं आहे ते आजच शोधून ठेवा. तो अगदी हळू उघडा, बाजूला उभं राहून. हौद्याखाली हात घालायचाच असेल तर आधी लोखंडी टेकू, नुसत्या तेलाच्या भरवशावर कधीच नाही.