पट्टा काढून थेट कपलिंग? मिनी ट्रॅक्टरवरचा जादा हायड्रॉलिक पंप

प्रश्न : ताई, आमचा 22 एचपीचा तीन सिलिंडरचा मिनी ट्रॅक्टर आहे. उसाच्या सरीत आंतरमशागतीला घेतला होता, आता शेणखत भरायला पुढं छोटा लोडर बसवलाय. लिफ्टच्या पंपावरून तेल घेतलं तर लोडर फार सावकाश उठायचा. म्हणून 8 सीसीचा (एका फेऱ्याला 8 सीसी तेल देणारा) वेगळा गिअर पंप आणून इंजिनच्या बगलेला व्ही-बेल्टवर जोडला. चार महिन्यांत दोनदा ऑइल सील गेलं. आता हाच पंप पुढून थेट क्रँक पुलीला कपलिंगनं जोडायचा विचार आहे. चालेल का? टाकी आणि पाइप केवढे घ्यावेत?
— एक शेतकरी, कागल तालुका

उत्तर : दादा, थेट जोडायचा विचार बरोबर आहे. पण *हाच* पंप तसाच उचलून पुढं लावू नका, नाहीतर तिसरं सील चार महिने नाही, चार मिनिटंही टिकणार नाही.

कारण फिरण्याच्या दिशेत आहे. ट्रॅक्टरसमोर उभं राहून पाहिलं तर इंजिनची पुली घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. पट्ट्यावरच्या तुमच्या पंपाचा शाफ्टही पुढंच तोंड करून आहे, म्हणजे तोही तसाच फिरतो. पंपाची दिशा नेहमी शाफ्टच्या तोंडाकडून बघून ठरवतात, त्या हिशेबानं तुमचा पंप उजवा. तोच पंप पुढं बसवला की त्याचं तोंड इंजिनकडं होतं. आता शाफ्टकडून बघा : फिरणं उलटं झालं. एका दिशेच्या गिअर पंपात सीलमागची जागा आतून सक्शनच्या, म्हणजे तेल ओढण्याच्या बाजूला जोडलेली असते. उलटा फिरवला की तिथं दाब येतो आणि सील बाहेर फेकलं जातं. तेव्हा डाव्या दिशेचा पंप घ्या. काही पंपांची दिशा उघडून बदलता येते, पण ते काम पंप रोज उघडणाऱ्या माणसाकडंच द्या.

आधीची दोन सीलं कशानं गेली असावीत, तेही सांगते. 8 सीसीचा पंप 150 बार दाबावर चालला की शाफ्टवर सुमारे 19 न्यूटन-मीटरची पीळ येते. पुली 100 मिमीची धरली तर पट्टा शाफ्टला जवळपास 39 किलोनं एका बाजूला ओढतो, पट्ट्याचा मूळ ताण मिळवला की त्याच्या दीड-दोन पट. साध्या गिअर पंपाच्या शाफ्टला आत बेअरिंग नसतं, फक्त बुश (धातूच्या साध्या नळ्या) असतात. हा ओढा सोसायला ते केलेलेच नाहीत. बुश एका अंगानं घासतो, शाफ्ट कलतो, सीलचा ओठ एका बाजूनं उघडा पडतो. जुना पंप उघडलात तर बुशच्या एकाच बाजूला चकाकी दिसेल. पट्ट्यावरच चालवायचा असेल तर बाहेर वेगळं बेअरिंग असलेला पंप लागतो. सील बदलून देणाऱ्यानं हे तुम्हाला दोन्ही वेळा सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता बसवण्याकडं येऊ. कपलिंगनं फक्त पीळ द्यावी, पंपाचं वजन ब्रॅकेटनं धरावं आणि ब्रॅकेट इंजिनशी एकजीव असावं. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत पुढच्या अ‍ॅक्सलचा आधार थेट इंजिनच्या बॉडीला बोल्टनं जोडलेला असतो, मग त्यावरून ब्रॅकेट घेतलं तरी हरकत नाही. पण इंजिन रबराच्या गाद्यांवर असेल तर चॅसिसवरून ब्रॅकेट घेऊ नका. इंजिन हलेल, पंप हलणार नाही आणि कपलिंगचा स्पायडर, म्हणजे दोन हबांमधला रबरी तुकडा, पंधरा दिवसांत भुगा होईल.

ब्रॅकेटला 12 मिमीची प्लेट घ्या. पंपाच्या तोंडावर जो गोल खांदा असतो त्याच्या मापाचं भोक लेथवर बोअर करून घ्या. एसएई-ए या प्रमाणित मापाच्या फ्लँजचा पंप असेल तर तो खांदा 82.55 मिमीचा असतो. गॅसनं कापलेल्या भोकात पंप बसतो, पण मध्यावर बसत नाही. वडिलांच्या लेथवर मी काम शिकले तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनला पंप जोडायची कामं रोज यायची, आणि बोअर झाल्यावर डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावल्याशिवाय वडील काम बाहेर सोडत नसत. तुम्हीही लावा. बॅटरीची वायर काढा, डायलचा मॅग्नेट पुलीवर बसवा, टोक ब्रॅकेटच्या बोअरला टेकवा आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं एक पूर्ण फेरा फिरवा. काटा 0.15 मिमीच्या आत राहिला पाहिजे. मग ब्रॅकेटच्या तोंडावरही तसंच बघा. शिम (पातळ पत्र्या) घालून माप जुळलं की बोल्ट आवळा आणि दोन डॉवेल पिना मारून जागा पक्की करा, म्हणजे पुढं पंप काढून परत लावताना हे सगळं पुन्हा करावं लागणार नाही.

पुलीवर हब बसवताना वेल्डिंग करू नका. पुलीच्या बोल्टांवर, तिच्याच मध्याच्या खाचेत बसेल असा हब टर्न करून घ्या. दोन हबांच्या मध्ये स्पायडर घालून किमान 2 मिमी मोकळीक ठेवा. क्लच दाबला की क्रँक किंचित पुढं सरकतो. मोकळीक नसेल तर प्रत्येक क्लचला पंपाच्या शाफ्टला धक्का बसतो. याच कारणानं कपलिंग हातोडीनं ठोकून चढवायचं नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा घट्ट बसणारं कपलिंग ठोकलं होतं. आतल्या साइड प्लेटला ओरखडा गेला, पंप दाबच धरेना आणि गिऱ्हाइकाला नवा पंप माझ्या पैशानं दिला. आता हब तेलात गरम करते, तो हातानं सरकतो.

रेडिएटर मध्ये येत असेल, आणि बहुतेक येईलच, तर पंप त्याच्या पुढं घेऊन खालून छोटा प्रोपेलर शाफ्ट न्यावा लागेल. दोन्ही टोकांना क्रॉस (कोनातही फिरणारा सांधा), शाफ्टवरचे दोन्हींचे काटे (योक) एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे.

तेलाचा हिशेब सोपा आहे. 2000 आरपीएमला 8 सीसी म्हणजे मिनिटाला 16 लिटर. 150 बारवर याला जवळपास 6 एचपी लागतात, तेव्हा लोडर उचलताना इंजिन थोडं दबेल, घाबरू नका. सक्शनचा पाइप 1 इंची घ्या, आखूड ठेवा, तार घातलेला घ्या म्हणजे आत चेपणार नाही. दाबाच्या बाजूला 3/8 इंची पुरतो. टाकी 25 ते 30 लिटरची, पंपापेक्षा उंचावर. परत येणारं तेल तेलाच्या पातळीखाली सोडा आणि मध्ये पडदी घाला. पंपातून खडे दळल्यासारखा आवाज आला तर सक्शन कमी पडतंय. टाकीत फेस दिसला तर कुठून तरी हवा शिरतेय. आपल्या उन्हाळ्याला 68 नंबरचं हायड्रॉलिक ऑइल चालेल.

व्हॉल्व्ह ओपन-सेंटरच घ्या, कारण हा पंप इंजिनबरोबर सतत फिरणार. दांडा मधल्या जागी असताना तेल मोकळं टाकीत गेलं नाही तर अर्ध्या तासात टाकीला हात लावता येणार नाही. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) आधी पूर्ण सैल ठेवा आणि गेज बघत बघत 150 बारपर्यंत आवळा. पहिल्यांदा चालू करण्याआधी पंपात तेल ओता, कोरडा फिरवू नका.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. होजमधून तेल उडतंय असं वाटलं तर बोटानं चाचपू नका. बारीक भोकातून येणारं तेल कातडीच्या आत घुसतं, वरून फक्त टाचणीएवढी खूण दिसते आणि ऑपरेशनला उशीर झाला तर बोट जातं. पुठ्ठा धरून बघा. कपलिंगवर पत्र्याचं झाकण बसवा. खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक त्यात गेलेलं मी पाहिलं आहे.

प्रश्न : माझी फक्त टिपिंग ट्रॉली आहे. पंप मागं पीटीओवर लावला तर?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : लावा, पण पीटीओ, म्हणजे अवजारं चालवणारा मागचा शाफ्ट, 540 आरपीएमचा असतो. तिथं 8 सीसीचा पंप मिनिटाला जेमतेम 4 लिटर देईल. 1 ला 3 असा वेग वाढवणारा गिअरबॉक्स मध्ये घेतलात तर 13 लिटरपर्यंत जाल. पंप शाफ्टवर नुसता लटकवू नका, साखळीनं चॅसिसला बांधा, नाहीतर सगळा संच शाफ्टभोवती गरगर फिरेल. आणि आधी ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या पंपावरूनच ट्रॉलीला तेल घेऊन ती उचलून बघा. एकाच सिलिंडरच्या ट्रॉलीला पुष्कळदा तेवढं पुरतं.