प्रत्येक भक्तिसंप्रदायामागे वेदान्ताची एक शाखा असतेच का? मग वारकरी द्वैती की अद्वैती?

तुमच्या प्रश्नाखाली जी ओळ आहे ना, "वारकऱ्यांना स्वतःचं तत्त्वज्ञान नाही, म्हणजे ते कुठल्यातरी आचार्यांच्या खाली येत असणार", ती वाचून लिहायला बसले, नाहीतर मी इथं नुसती वाचणारी. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. (नवख्यांसाठी: द्वैत म्हणजे देव आणि जीव कायमचे वेगळे, अद्वैत म्हणजे दोन्ही मुळात एकच.)

श्रीवैष्णव रामानुजांचे, पुष्टिमार्गी वल्लभांचे वगैरे यादी तुम्हाला पाठ असणार, ती परत देत नाही. पण शाखा आधी आणि भक्ती मागून असं समजू नका. गौडीयांचं, म्हणजे बंगालच्या चैतन्य महाप्रभूंच्या पंथाचं बघा. चैतन्यांनी ब्रह्मसूत्रांवर, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथावर, भाष्य लिहिलंच नाही, नामसंकीर्तनावर पंथ वाढला, आणि पार अठराव्या शतकात जयपूरजवळ गलत्याला दुसऱ्या वैष्णवांनी "तुमचं भाष्य कुठाय" म्हणून अडवलं तेव्हा बलदेव विद्याभूषणांनी गोविंदभाष्य लिहून दिलं. वारकऱ्यांना असं कुणी उभं करून विचारलं नाही, त्यांनी लिहिलं नाही. भाष्य नाही म्हणून विचार नाही, हे कुठलं लॉजिक?

आता माझं. मी निपाणीकडची, माहेर स्मार्त, म्हणजे शंकराचार्यांचं अद्वैत मानणारं, बाबा माळकरी. दिलं बेळगावात, माध्वांच्या घरात, म्हणजे मध्वाचार्यांचं द्वैत मानणाऱ्यांकडं. इकडं स्मार्त-वैष्णव सोयरीक सर्रास होते, घरात अर्धं मराठी अर्धं कन्नड चालतं, त्याचं कुणाला काही नाही. खटका उडतो तो एकादशीला. माहेरी एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. सासरी पाणीसुद्धा नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मडीत, म्हणजे सोवळ्यात, स्वयंपाक, कारण द्वादशीचं पारणं वेळेत व्हायला पाहिजे. माझी तक्रार उपासाबद्दल नाही, तो मी आजही करते.

लग्नानंतरच्या पहिल्या आषाढीला मला मठात नेलं, तप्तमुद्रेला. शंख-चक्राचे तापवलेले ठसे दंडावर उमटवतात, चटका बसतो पण फार नाही. बाहेर आल्यावर सासऱ्यांचे चुलतभाऊ, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, चार लोकांत म्हणाले, "झालं, आता मायावाद जळला." शंकराचार्यांच्या अद्वैताला माध्व मायावाद म्हणतात, जग हा भास मानतं म्हणून. सगळे हसले. मी नवी नवरी, काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी पारण्याला बाबा आले होते, गुडघ्यांमुळं त्या वर्षी त्यांची वारी चुकली होती म्हणून सासूबाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. पानावर बसल्या बसल्या काकांनी सुरू केलं. विठ्ठल खरा कानडी हरिदासांचा, पुरंदरदासांची प्रत्येक रचना "पुरंदर विठ्ठल" म्हणून संपते, विजयदास विजय विठ्ठल, जगन्नाथदास जगन्नाथ विठ्ठल, सगळे मध्वमताचे, तुमचे ज्ञानदेव मात्र शंकराचार्यांच्या मागं गेले. आणि अद्वैत असेल तर नमस्कार कुणी कुणाला करायचा, आरशाला करा की! बाबा शांत माणूस. म्हणाले, "अद्वैतीं भक्ति आहे. अठरावा अध्याय. माउलींनी पुढं असंही सांगितलंय की हे अनुभवायचं, बोलायचं नाही. म्हणून मी बोलत नाही." काका म्हणाले, अशी ओवीच नाही, असेल तर काढून दाखवा. आता पारण्याला कोण ज्ञानेश्वरी काखेत घेऊन येतं? मग काकांनी तुकोबा काढले. "नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव, मी भक्त तूं देव ऐसें करीं", म्हणजे तुकाराम आमचाच.

मला राहवलं नाही. वाढता वाढता विचारलं, काका, तुमच्या मतात जीव तीन प्रकारचे ना, मोक्ष मिळणारे मुक्तियोग्य, जन्ममरणात फिरत राहणारे नित्यसंसारी आणि कायम अंधारात जाणारे तमोयोग्य, आणि ते कधी बदलत नाहीत. मग कालच्या चटक्यानं माझं काय बदललं, आणि बाबांना तुम्ही कुठल्या खान्यात टाकलंय? काकांचा हात पानावरच थांबला. सासूबाई आतून ओरडल्या, "ऊटा माडरी मोदलू!" आधी जेवा म्हणे. त्यानंतर काका माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मला "शहाणी" हे नाव पडलं ते तेव्हा.

तर वारकरी अद्वैतीच, पण मायावादी नाहीत, हे माझं स्पष्ट मत. अमृतानुभवात ज्ञानदेवांनी अज्ञान म्हणून वेगळं काही आहे हेच खोडून काढलंय, जग म्हणजे भास नाही तर त्या एकाचाच विलास. म्हणजे शंकराचार्यांची वाट विचारून घेतली, पण पोचले स्वतःच्या पायानं, मागं नाथांची परंपरा होती, निवृत्तिनाथ, गहिनीनाथ. आणि तुकोबा "मी भक्त तूं देव" म्हणतात तसेच "तुका आकाशाएवढा" पण म्हणतात. एकच अभंग उचलायचा आणि माणूस आपल्या मठात जमा करायचा हे बरं नव्हे.

आमच्या भागात राहिलात तर शाखांचे कप्पे किती गळके ते कळतं. बाळेकुंद्रीचे पंत महाराज दत्तभक्त आणि पक्के अद्वैती, त्यांच्या उत्सवाला कुठल्या मताचा माणूस नसतो ते सांगा. हुबळीच्या सिद्धारूढांच्या मठात अद्वैत आणि जप "ॐ नमः शिवाय"चा. निंबाळचे गुरुदेव रानडे फिलॉसॉफीचे प्रोफेसर, पण शिकवण नामस्मरणाची. लिंगायतांना पुस्तकात शक्तिविशिष्टाद्वैत असं वेदान्ताच्या शाखेचं नाव मिळतं, पण त्यांच्या संतांच्या वचनांचा वेदान्ताशी संबंधच नाही म्हणणारे लिंगायत माझ्या शेजारीच राहतात, त्यांच्याशी या विषयावर बोलताना जपून.

एक सांगायचं राहिलं, माध्वांवर माझा राग नाही. पंचभेद (देव, जीव, जड यांच्यातले पाच भेद), तारतम्य (जीवांमधली श्रेणी) हे सगळं अतिशय काटेकोर रचलेलं आहे, त्यांच्या व्यासतीर्थांचा युक्तिवाद खोडायला अद्वैत्यांच्या नाकी नऊ आले, आणि दासांची पदं मी स्वतः रोज म्हणते. काकांसारखे सगळे नसतात. शिवाय मी काही पंडित नाही, संस्कृत भाष्यं मुळातून वाचलेली नाहीत.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर अमृतानुभवातलं अज्ञानखंडनाचं प्रकरण आधी वाचा, मग लेबलं लावा. सोयरिकीसाठी विचारत असाल तर तत्त्वज्ञान सोडा, एकादशी कशी करतात तेवढं विचारून घ्या. आणि काकांचे चिरंजीव इथं असतात, मला माहितीय. भाऊजी, ती ओवी आहे. अठराव्या अध्यायातच आहे, तुमच्या घरातल्या कपाटात जी ज्ञानेश्वरी पडून आहे तिच्यातसुद्धा आहे. काढून बघा आणि खाली कमेंटमध्ये लिहा.