मातीत काय झालं ते बघ

प्रिय पोरा,

परवा आयर्विन पुलावर तू विचारलंस ते अजून डोक्यातून जात नाही. "वस्ताद, यूएफसीत, म्हणजे ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालतं त्या लढतींत, हेवीवेटचा अजिंक्यपदाचा पट्टा मिळवलेल्या स्टिपे मिओचिचनं एवढं करूनही लोक त्याला धरत नाहीत, मग मी गप्प राहून काय मिळवणार?" तुझा जिमवाला म्हणतो रील काढ, समोरच्याला डिवच, तिकिटं त्यावरच खपतात. हे सांगताना तू लाजलास, पण मोबाइल खिशातून काढून दोनदा बघितलासच. दिसलं मला.

मेहनतीचं सांगत बसत नाही, जोर-बैठका तू माझ्यासमोरच काढल्यास. खाशाबा जाधवांचंही उदाहरण देत नाही. त्यांचं गोळेश्वर इथून फार लांब नाही आणि ऑलिम्पिक पदक आणलेल्या त्या माणसाचं आपण काय केलं ते तुला पाठ आहे. सरळ त्या अमेरिकेतल्या ओहायोच्या गड्याकडे, स्टिपेकडे येतो.

लोक त्याला का धरत नाहीत म्हणतोस? लोक मैदान बघायला येतात, कुस्ती बघायला येत नाहीत. तू मातीत काय झालं ते बघ.

जानेवारी २०१८, बॉस्टन. पट्टा स्टिपेच्या कमरेला, पण सट्ट्याचा कौल फ्रान्सिस एनगानूकडे. दीडेक महिन्यापूर्वी एनगानूनं ओव्हरीम नावाच्या कसलेल्या गड्याला एका अपरकटमध्ये, म्हणजे खालून हनुवटीवर मारलेल्या ठोशात, आडवा केलेला, त्यामुळं हवा सगळी त्याचीच. वजनालाही तो सात-आठ किलोंनी भारी. पहिल्या फेरीत तो जीव खाऊन हात फेकत होता. स्टिपे मान तेवढी काढून घ्यायचा, खाली शिरायचा आणि पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचा. पाडल्यावर मात्र घाई नाही. आपण कब्जा घेतल्यावर काय करतो ते आठव. छातीचा सगळा भार खालच्याच्या पाठीवर सोडतो आणि त्याला उठायची धडपड करू देतो. तो जेवढा उठायला बघतो तेवढा रिकामा होतो. इथंही तेच झालं. दुसरी फेरी संपायच्या आत एनगानूचं तोंड उघडं पडलं होतं. पुढच्या तीन फेऱ्या स्टिपेनं त्याला नुसता दमवला. २५ मिनिटं झाली, तिन्ही पंचांचे गुण स्टिपेच्या बाजूनं ५०-४४. हेवीवेट गटात यूएफसीचा पट्टा सलग तीनदा राखणारा तो पहिलाच.

तुझ्या जिमच्या पोरांना ही लढत कंटाळवाणी वाटते. वाटू दे. ढाक लागून गडी उडाला की टाळ्या पडतात, कब्जा कसा टिकवला ते कोण बघतंय?

निकालानंतर यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट पट्टा बांधायला पुढं आले. स्टिपेनं तो त्यांच्या हातातून घेतला, आपल्या कोचकडे दिला आणि कोचकडून बांधून घेतला. शिवी नाही, भाषण नाही. पण ज्याला कळायचं त्याला कळलं! हे नीट बघ, कारण पुढं मला हेच सांगायचंय.

त्याच वर्षी जुलैमध्ये डॅनियल कॉर्मिए नावाच्या गड्यानं त्याला पहिल्याच फेरीत झोपवलं. हा बसला नाही. तीच लढत परत द्या म्हणून वर्षभर थांबला. ऑगस्ट २०१९ मध्ये ती मिळाली. पहिल्या फेरीत कॉर्मिएनं त्याला उचलून आपटला, तीन फेऱ्यांनंतर स्टिपे गुणांवर मागं होता. चौथीत यानं ओळखलं, की समोरच्याची बरगडीखालची बाजू उघडी आहे. डाव्या हाताचा ठोसा तिथं, परत तिथंच, परत तिथंच. कॉर्मिएचा हात खाली आला आणि वरून उजवा बसला. पट्टा परत. पुढच्या वर्षी तिसरी लढतही यानंच घेतली. हे सगळं करताना माणूस अग्निशमन दलात ड्यूटी करत होता.

मग हरला, हो. २०२१ ला एनगानूनं पाडला. २०२४ ला बेचाळिसाव्या वर्षी, साडेतीन वर्षांच्या खंडानंतर, जॉन जोन्सकडून हरला आणि निवृत्त झाला. लोकांच्या डोळ्यांपुढं ती शेवटची लढत राहिली. तू तरी मातीत काय झालं ते बघ.

आता माझं. एका जत्रेच्या मैदानात माझी जोड दोन नंबरला, म्हणजे मानाच्या दुसऱ्या कुस्तीला, लागली होती. सकाळी बोर्डावर नाव पाचला. दुसऱ्या एका पोराची गावात जास्त हवा होती, एवढंच कारण. मी लांग बांधली, पाच नंबरची कुस्ती घिस्सा डावावर निकाली केली, इनाम घेतलं आणि एसटी धरली. कमिटीच्या मांडवात जाऊन "माझी जोड कुठाय?" एवढं विचारलं नाही. पुढच्या वर्षी परत पाच नंबर. त्याच्या पुढच्या वर्षी बोलावणंच नाही. चाळीस वर्षं मी सांगत आलो, की आपण स्वाभिमानानं गप्प राहिलो. खोटं होतं ते. भ्यालो होतो.

स्टिपे भिऊन गप्प नव्हता. पट्टा हातातून काढून घेतला, लढत मागून घेतली, आणि ती मिळेपर्यंत दुसरीकडे हललाही नाही. म्हणून रील काढ म्हणणाऱ्याचं ऐकू नको, पण माझ्यासारखं एसटीतही बसू नको. आणि म्हणून मी वाया गेलो असंही समजू नको. दोन नंबरला नाव लागून हरलेले पुष्कळ बघितलेत मी. माझी पाठ त्या मैदानात मातीला लागलेली नाही, विचार कुणालाही.

तुझी काकू शेजारी बसून वाचतीय. म्हणते, पोराला पत्र लिहिताय का स्वतःचं गाऱ्हाणं मांडताय? मांडतोय थोडं.

पुढच्या महिन्याच्या लढतीचं मानधन जिमवाल्यानं तोंडी सांगितलंय म्हणालास. उद्या जाऊन कागदावर घे. आवाज न चढवता माग, पण घेतल्याशिवाय उठू नको. तुझा एकेरी पट डावीकडून अजून उशिरा लागतोय, समोरच्याला आधीच कळतं. रविवारी सहाला तालमीत ये. मोबाइल घरी ठेवून.

तुझा,
वस्ताद