नववी-दहावीच्या मुलांना वाचनालयात नेण्याआधी

विषय आधी अरुंद करून घ्या. ‘मराठा आरमार’ दिलंत की मुलं पहिल्या सापडलेल्या पुस्तकातली चार पानं उतरवून मोकळी होतात. ‘सिंधुदुर्ग किल्ल्याची डागडुजी कोणी, कधी केली?’ असा प्रश्न द्या.

सुरुवात गॅझेटियरपासून, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथापासून. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, सुधारित रत्नागिरी खंड १९६२ चा. इथे मुलं हमखास अडकतात: सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, म्हणून मालवणची माहिती रत्नागिरीच्या खंडातच शोधायची. ब्रह्मदेशचा पदच्युत थिबा राजा मात्र १८८० च्या खंडात मिळणार नाही, तो रत्नागिरीत आला १८८६ मध्ये. प्रकाशनाचं साल आधी बघायची सवय यातूनच लागते.

अनुक्रमणिकेआधी शेवटची सूची उघडायला लावा. इंग्रजी खंडात विजयदुर्ग ‘व्हिझियाड्रूग’सारख्या स्पेलिंगखाली असू शकतो, दोन-तीन रूपं लिहूनच जाऊ द्या. इसवी सन काढायला शके सालात ७८ मिळवायचे, पौष ते फाल्गुन असेल तर बहुधा ७९.

एका कार्डावर एकच मुद्दा, वर पुस्तक आणि पान क्रमांक. मोबाइलने पानांचे फोटो काढू देऊ नका. ते कोणी परत वाचत नाही. आणि ग्रंथपालांना विषयांची यादी आठवडाभर आधी पोचवा, संदर्भग्रंथ बहुधा कुलूपबंद कपाटात असतात.