१२ व्होल्टच्या बॅटरीवरून कॅपॅसिटर ३८० व्होल्टपर्यंत चार्ज करताना मॉसफेट का उडतो?

तुमची मांडणी मला अशी समजली: झेनॉन ट्यूबच्या फ्लॅशसाठी ४७० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर ३८० व्होल्टपर्यंत चार्ज करायचाय. त्यासाठी ५५५ टायमर (पल्स देणारी आयसी), १०० मायक्रोहेन्रीची कॉइल, आयआरएफ८४० हा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि १एन४००७ हा डायोड वापरून बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज चढवणारं सर्किट) केलाय. मॉसफेट ४० मायक्रोसेकंद चालू, १० बंद. बहुतेक वेळा मॉसफेट सुरू करताच उडतो, आणि टिकला तर व्होल्टेज दीडशेच्या आसपास अडकतं. हे दोन वेगवेगळे दोष आहेत.

आधी मॉसफेट. ४० मायक्रोसेकंदांत कॉइलमधला करंट १२ × ४० ÷ १०० म्हणजे ४.८ अँपिअरवर जातो. मॉसफेट बंद झाल्यावर तो उतरायला हवा, पण उतरण्याचा वेग आउटपुट आणि इनपुट व्होल्टेजमधल्या फरकावर ठरतो. सुरुवातीला कॅपॅसिटरवर जेमतेम बॅटरीइतकंच व्होल्टेज असतं, म्हणजे फरक जवळपास शून्य. १० मायक्रोसेकंदांत करंट अँपिअरच्या दहाव्या भागानेही उतरत नाही आणि पुढची पल्स त्यावरच चढते: ४.८, मग साडेनऊ, मग चौदा. तेवढ्यात कॉइलचा कोअर सॅच्युरेट होतो (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही), कॉइल नुसती तार उरते आणि मॉसफेट थेट बॅटरीवर शॉर्ट होतो. तुमच्या वेळांच्या हिशोबाने आउटपुट ६० व्होल्टपर्यंत पोचल्याशिवाय करंटचा चढ-उतार जुळतच नाही. मोठा हीटसिंक लावून हे थांबणार नाही.

पुस्तकातलं ड्यूटी सायकलचं (मॉसफेट किती टक्के वेळ चालू ठेवायचा, त्याचं) सूत्र इथे दिशाभूल करतं. ते स्थिर आउटपुटसाठी असतं. आपलं आउटपुट बारापासून ३८० पर्यंत सतत बदलतंय. म्हणून प्रत्येक पल्समागे किती ऊर्जा ओतली जाते ते बघा. कॅपॅसिटरमध्ये भरायची ऊर्जा ½सीव्ही² (सी कॅपॅसिटन्स, व्ही व्होल्टेज), म्हणजे सुमारे ३४ ज्यूल. कॉइलची एक पल्स ½एलआय² (एल इंडक्टन्स, आय करंट). करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की मॉसफेट बंद, एवढी एक शिस्त पाळली की कॅपॅसिटर रिकामा असो वा भरत आलेला, मॉसफेट सुरक्षित राहतो. ५५५ ला करंट दिसत नाही. त्याच्या जागी यूसी३८४३ ही करंट बघून पल्स तोडणारी आयसी लावा. यूसी३८४२ घेऊ नका: दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतात, पण ३८४२ सुरू व्हायला १६ व्होल्ट लागतात, ३८४३ साडेआठच्या आसपास चालू होते. तिच्या ३ नंबरच्या पिनवर १ व्होल्ट आला की पल्स तुटते. मॉसफेटच्या सोर्समध्ये ०.२ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर टाका म्हणजे मर्यादा ५ अँपिअर झाली. हा रेझिस्टर वायरवाउंड नको, त्याचं स्वतःचं इंडक्टन्स खोटी रीडिंग देतं. पिनच्या वाटेत १ किलोओहम आणि ४७० पिकोफॅरडचा छोटा फिल्टर हवाच.

आता दीडशेवर अडकणं. आयआरएफ८४० चा चालू अवस्थेतला रोध ०.८५ ओहम, ४.८ अँपिअरला चार व्होल्ट त्याच्यातच जातात, बाराचा तिसरा हिस्सा. १एन४००७ हा ५० हर्ट्झसाठीचा डायोड. तो वेळेत बंद होत नाही आणि भरलेला चार्ज काही काळ उलटा वाहू देतो. पण नुसते भाग बदलून मूळ अडचण जात नाही: साध्या बूस्टमध्ये मॉसफेटला संपूर्ण ३८० व्होल्ट सोसावे लागतात, म्हणून जास्त व्होल्टेजचा, म्हणजे जास्त रोधाचा मॉसफेट घ्यावा लागतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: बूस्ट सोडा, फ्लायबॅक करा, म्हणजे कॉइलऐवजी ट्रान्सफॉर्मर: मॉसफेट चालू असताना प्रायमरीत (बॅटरीकडच्या वेढ्यांत) ऊर्जा साठते, बंद झाला की ती सेकंडरीतून कॅपॅसिटरमध्ये जाते. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्येही ट्रान्सफॉर्मरच असतो. १:१० गुणोत्तर घेतलं तर मॉसफेटवर १२ अधिक ३८, म्हणजे ५० व्होल्ट आणि वरचा स्पाइक, एवढंच येतं. १०० व्होल्टचा आयआरएफ५४०एन पुरतो, त्याचा रोध ४४ मिलिओहम. स्पाइकसाठी प्रायमरीवर स्नबर (स्पाइक शोषणारी जोडणी) ठेवा. सेकंडरीला यूएफ४००७ हा झटपट बंद होणारा डायोड लावा.

ईई२५ फेराइट कोअरवर प्रायमरीचे ८ वेढे, सेकंडरीचे ८०, मध्ये पिवळ्या पॉलिएस्टर टेपचे तीन थर. कोअरच्या दोन अर्ध्यांमध्ये वहीचा एक कागद ठेवला की दोन्हीकडचा मिळून ०.२ मिलिमीटर गॅप होतो आणि प्रायमरी २० मायक्रोहेन्रीच्या आसपास येते. गॅपशिवाय जोडलात तर सॅच्युरेशनचं दुखणं पुन्हा सुरू. आयसीच्या टायमिंगला १० किलोओहम आणि ३.३ नॅनोफॅरड लावले की फ्रिक्वेन्सी साधारण ५० किलोहर्ट्झ मिळते. प्रत्येक पल्सला पाव मिलिज्यूल, म्हणजे साडेबारा वॅट. नुकसान धरून चार सेकंदांत कॅपॅसिटर भरेल. बॅटरीच्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज घाला. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं.

व्होल्टेज थांबवण्यासाठी ४७० किलोओहमचे चार रेझिस्टर सिरीजमध्ये, खाली १२ किलोओहम आणि प्रीसेट (स्क्रूने बदलता येणारा रेझिस्टर), मधला बिंदू यूसी३८४३ च्या २ नंबरच्या पिनला. चार अशासाठी की पाव वॅटचा साधा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टचाच असतो. ही वायर निसटली तर आयसीला आउटपुट शून्य भासतं आणि ती कॅपॅसिटर फुटेपर्यंत भरत राहते. म्हणून रेझिस्टरच्या अशाच वेगळ्या साखळीवर (डिव्हायडरवर) एलएम३९३ ही दोन व्होल्टेजांची तुलना करणारी आयसी लावून ३९५ व्होल्टला यूसी३८४३ ची १ नंबरची पिन ग्राउंडला ओढून घ्या. हा भाग गाळू नका.

आणि ३४ ज्यूल हृदय थांबवू शकतात, हे मी घाबरवायला म्हणून लिहीत नाही. कॅपॅसिटरच्या टोकांवरच ४७ किलोओहम, २ वॅटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये कायमचे जोडा. चारेक मिनिटांत व्होल्टेज निरुपद्रवी होतं. काम करताना त्यावर विसंबू नका: १ किलोओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून पाच सेकंद लावा, मग मीटरने मोजा, मगच हात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, धातू वितळून डोळ्यांत उडतो. मोठे इलेक्ट्रोलिटिक रिकामे केल्यावरही काही मिनिटांनी पुन्हा थोडं व्होल्टेज दाखवतात, म्हणून ठेवून देताना टोकं तारेने बांधा. चालू सर्किटजवळ एकच हात, आणि घरात कुणाला तरी माहीत असू द्या.

पहिली चाचणी ४७० वर करू नका. १० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा लावा, त्यात पाऊण ज्यूलच साठतो. ३८० ला थांबतं का ते बघून प्रीसेट लावा. व्होल्टेज बरोबर १२० च्या जवळ अडकलं तर सेकंडरीची दोन टोकं उलटी लागली आहेत: कॅपॅसिटर मॉसफेट चालू असतानाच भरतोय आणि बाराच्या दहापटीपुढे जाणार नाही. टोकं बदला.