निवृत्त झालोय, देशी झाडं लावायची आहेत. रोपवाटिकेपासून सुरुवात करू की एखाद्या गटापासून?

गटापासून. रोपवाटिकेत वर्षभर फिरकूच नका. जुलैमध्ये खड्डे खणायला आणि फोटोला शंभर माणसं येतात, एप्रिलमध्ये टेकडीवर पाण्याचे कॅन चढवायला आम्ही पाच जण. त्या पाचांत सहावे व्हा. घाणेरीचं परदेशी झुडूप मुळासकट काढायला शिका, नुसतं छाटलं तर दुप्पट जोमाने फुटतं.

मी शाळेत शिकवायचे. तीस वर्षं मुलांकडून गुलमोहरावर निबंध लिहून घेतले. तो मादागास्करचा, हे निवृत्तीनंतर टेकडीवर कळलं! त्याच भरात बहाव्याची एक शेंग घरी आणली. बी दगडासारखं. पॉलिश पेपरवर घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं, सकाळी दुप्पट फुगलेलं. बारापैकी चार उगवली, त्यातलं एक सोसायटीच्या मागच्या भिंतीशी लावलं.

तिसऱ्या पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या. आठवड्यात नुसते देठ उरले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, झाडाला रोग लागलाय, फवारणीवाला बोलावलाय." रोग कसला? भटक्या तांडा नावाचं फुलपाखरू बहाव्यासारख्या झाडांवर अंडी घालतं, त्याच्या त्या अळ्या. पंप घेऊन माणूस आला तेव्हा मी झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. आमच्या ह्यांनी गॅलरीतून हाक मारली, "अगं, वर ये, लोक बघतायत." बघू देत. नंतर फांद्यांना हिरवे कोष लटकले, एका सकाळी पिवळसर पांढरी फुलपाखरं उडाली आणि झाडाला नवी पालवी फुटली. ज्या झाडाचं पान कुणीच खात नाही, ते प्लास्टिकचं लावलं तरी चालेल, असं मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं. इतिवृत्तात घेतलं नाही.

हो, एक राहिलंच. देशीच्या उत्साहात टेकडीवरची गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) परदेशी झाडं तोडायला जाऊ नका. झाड परदेशी असलं तरी शहरात परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. आणि गुडघे दुखत असतील तर कॅन उचलू नका, बिया गोळा करा. तेही कामच आहे.

यंदा मे महिन्यात बहाव्याला पहिल्यांदा पिवळी झुंबरं लागली. सेक्रेटरींनी खाली उभं राहून फोटो काढला, ग्रुपवर टाकला: "आपला बहावा". आपला!